माऊसचा वैशाख

यंदाही वैशाख आला आणि मला घरात बसवेना. गिरगावातल्या दुपारी या दिवसांत ओस पडतात. अर्ध्या चाळीला कुलपं असतात, माणसं गावाला गेलेली असतात. उरलेल्यांच्या गॅलऱ्यांत कुरडया वाळत पडलेल्या असतात आणि त्यांच्यावर कावळ्यांचा डोळा असतो. जिन्याखाली आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या, त्यांतला पेंढा वाऱ्याने उडत थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मागच्या गल्लीत लग्नाच्या बँडचा सराव चालतो, गाण्याचा तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा, पुढे काही सरकत नाही. माझी आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. एरवी ती भिंगरी जरा दमाने फिरते. वैशाखात मात्र मी चहाचा कप घेऊन उठतो, गॅलरीत जातो, आत येतो, पुन्हा जातो, आणि शेवटी निवलेला चहा मोरीत ओततो.

गेल्या आठवड्यात असाच निघालो तो परळला पोचलो. जुन्या गिरणीच्या जागेवर आता एक काचेची इमारत उभी आहे. तिच्या दोन मजल्यांवर कॉम्प्युटरवरच्या परीक्षा होतात. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी होती. कोणी वर्तमानपत्र पसरून फुटपाथवर बसलं होतं, कोणी पाण्याची बाटली छातीशी धरून उभं होतं. आत मुलं, बाहेर ही माणसं आणि मध्ये एक वॉचमन. माझं त्या गर्दीत कोणीच नव्हतं. तरी मी बराच वेळ तिथे थांबलो, कारण गेल्या वर्षी याच फाटकाबाहेर काढलेली एक दुपार अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

गेल्या वर्षी आत होती सायली, माझी भाची. माझी धाकटी बहीण शोभा घोडपदेवला चाळीत राहते, तिची ही एकुलती एक लेक. तेव्हा बारावीचे पेपर नुकतेच झाले होते. मोबाईल या विषयात ती त्या चाळीची सरपंच होती. गॅसचा नंबर लावायचा, सायलीला बोलवा. दुबईहून मुलाचा फोन येतोय पण त्याचं तोंड दिसत नाही, सायलीला बोलवा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं पेन्शन चालू राहावं म्हणून ते जिवंत असल्याचं मोबाईलला पटवावं लागतं. तेही काम सायलीचंच. आजोबा फोटोला बसल्यासारखे ताठ बसत. पापणी हलवा, नाहीतर गेलात असं समजतील, असं ती त्यांना दटावायची, आणि आजोबा मग दोन्ही डोळे इतके जोरात मिचकावायचे की सगळी गॅलरी हसायची.

मला तिच्या बोटांचा हेवा वाटायचा. आमच्या वयाची माणसं बटण दाबण्याआधी मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. मोडलं तर, पैसे कापले गेले तर, काहीतरी उडालं तर. तिला हा 'तर' ठाऊकच नव्हता. नवा फोन हातात आला की ती सगळं दाबून बघायची, चुकलं की मागे यायची, पुन्हा दाबायची. मोडत नाही रे मामा, इतकंच तिचं म्हणणं. मात्र तिने कधी कोणाला शिकवलं नाही. समोरचा अडखळला की ती हात पुढे करायची आणि म्हणायची, दे इकडे. काम होऊन फोन परत हातात यायचा आणि आपण जसे होतो तसेच राहायचो. माझाही फोन असाच तिच्या हातून कितीदा गेला आणि आला. मला अजून त्यातलं निम्मं येत नाही.

त्या वैशाखात शोभाचा फोन आला. शोभा चिडली किंवा घाबरली की मालवणीवर येते. म्हणाली, "दादा, ह्या चेडवाचा काय बिनसलाहा ता बघ मरे. चार दिस धड जेवूक नाय." मी म्हटलं, पोरीला अभ्यासाचं टेन्शन असेल. ती म्हणाली, अभ्यास तर चाललाय, पण कोणी मोबाईल घेऊन आलं तर ही आतल्या आत दडून बसते, घरी नाही म्हणून सांगायला लावते. शेजारच्या पाटकर काकी तीनदा येऊन परत गेल्या. हे ऐकून मी जरा दचकलो. सायली मोबाईलला नाही म्हणते म्हणजे प्रकरण सरळ नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली, बोलावलं नसताना. माझी बायको आंब्यांच्या मागे गावाला गेली होती, घरात मी एकटाच. सायलीने पंख्याखाली दोन मिनिटंही काढली नाहीत. गॅलरीत जाऊन कठड्याला टेकली आणि रस्त्याकडे बघत तिने मला झालेलं सांगितलं. लालबागच्या तिच्या क्लासमध्ये सरांनी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा नमुना दाखवायला कॉम्प्युटर मांडला होता. घरी सगळा सराव तिने मोबाईलवर केला होता, अंगठ्याने. सरांना वाटलं, हिला सगळ्यात जास्त येतं, म्हणून तिलाच पुढे बोलावलं. ती गेली आणि तिने पडद्यावरच्या उत्तरावर बोट ठेवलं. काही झालं नाही. मग तिने जोरात दाबलं. मागून कोणीतरी हसलं, मग सगळा वर्ग हसला. ती म्हणाली, "सर, हँग झालाय," आणि जागेवर जाऊन बसली.

शाळेत कॉम्प्युटर होते की, मी म्हटलं. होते, पण एका कॉम्प्युटरला सात-आठ मुलं. माऊस पुढच्या मुलांच्या हातात, मागच्यांनी लांबून बघायचं. मधली दोन वर्षं तर शाळाच मोबाईलमध्ये भरली. म्हणजे हिने आयुष्यात माऊस हातात धरलेला नव्हता. आणि हे ती मला अशा आवाजात सांगत होती, जशी एखाद्याने चोरी कबूल करावी. आईला सांगू नको, बाबांना सांगू नको, चाळीत तर मुळीच नको, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. परीक्षा एकच होती. ती बिघडली तर तिचं इंजिनिअरिंग गेलं, हे तिला कळत होतं. पण तिला जास्त भीती कशाची वाटत होती हेही मला दिसत होतं. सायलीला येत नाही, हे चार लोकांना कळण्याची.

माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. मी गिरगावातल्या एका छापखान्यात आयुष्य काढलं, आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावल्या. छापखाना बंद झाल्यावर घरातच एक जुना संच घेऊन बसलो, अजून चार जुनी गिऱ्हाइकं येतात. तो संच खोलीच्या कोपऱ्यात आहे, उजव्या हाताला भिंत आणि कागदांचा रॅक, डाव्या हाताला जरा मोकळी जागा, तिथे माऊस. ती खुर्चीवर बसली आणि तिने विचारलं, माऊस इथेच असतो का. मी म्हटलं, तिथेच. तशी आमची शिकवणी सुरू झाली.

आणि काय ते दिवस होते. घोडपदेवहून ती बसने यायची, चेहरा लाल, ओढणी डोक्यावर. पंखा गरम हवा फिरवत असायचा. पडद्यावरच्या बाणाकडे बघायचं सोडून ती हाताकडे बघायची, आणि तेवढ्यात बाण कुठेतरी कोपऱ्यात जाऊन दडायचा. बाण कुठे गेला, असं विचारत ती माऊस उचलून हवेत धरायची. मेजाची कड आली की हात थांबायचा, आता पुढे जागाच नाही म्हणायची. माऊस उचलून पुन्हा मागे ठेवता येतो, ही गोष्ट मला कोणाला सांगावी लागेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. जी मुलगी मोबाईलवर डोळे मिटून टाईप करते तिची बोटं माझ्या मेजावर लाकडाची व्हायची. आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. आत्ता दाबेल, आत्ता दाबेल, नाही दाबलं. मग माझ्या तोंडून निघायचं, दे इकडे.

पहिल्या दिवशी तिने माऊस सोडून दिला. दुसऱ्या दिवशी तिने मान वळवून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला तिची आई आठवली. मला कळत होतं की हात मागे ठेवायला हवा, पण हात ऐकत नव्हता. शेवटी बायकोने गावाहून पाठवलेला फणस मदतीला आला. मी जमिनीवर कागद अंथरला, हाताला तेल लावलं आणि गरे काढत बसलो. त्या चिकट हातांनी माऊसला शिवणं शक्यच नव्हतं. ती शिकेपर्यंत मी फणस सोलत राहिलो. एवढा फणस आमच्या चाळीत कोणी कधी खाल्ला नसेल. शेजारच्यांना वाटून झाला, खालच्या किराणावाल्याला दिला, तरी शोभाकडे डबा जातच होता आणि ती विचारत होती की तुमचा चाललाहा काय.

गरे काढता काढता मला छापखान्यातले दिवस आठवायचे. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही सगळे खिळेवाले त्याच्याभोवती हात मागे बांधून उभे होतो. शिकवायला आलेला माणूस भराभर काहीतरी दाखवायचा आणि विचारायचा, समजलं? आम्ही माना डोलवायचो. एकालाही समजलेलं नसायचं, आणि बाकीच्यांना समजलंय असं प्रत्येकाला वाटायचं. गिरणगावात, गिरगावात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. तोंडाने 'मला येत नाही' म्हणणारा फारसा आढळला नाही. गिरण्या गेल्यावर नव्या नोकऱ्यांना जातानाही आमची माणसं सगळं येतं म्हणूनच गेली, आणि मग रात्ररात्र जागून ते खरं करत बसली. सायलीने हे कुठून उचललं ते मला शोधावं लागलं नाही.

हळूहळू तिचा हात बसला. ती बाणाकडे बघायला लागली. गणित सोडवून उत्तरावर टिचकी, पुढचा प्रश्न, टिचकी. त्या टिचक्यांचा आवाज सरळ लागायला लागला तसं मला गॅलरीत जाऊन उभं राहता येऊ लागलं. शेवटच्या दिवशी तिने सगळा नमुना-पेपर वेळेत संपवला आणि उरलेल्या वेळात माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत गणपतीला नवा रंग दिला. मी तिच्या पाठीवर थाप मारली. मी फार खूश होतो, स्वतःवर तर जरा जास्तच.

परीक्षेच्या दिवशी शोभाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. सायलीने मोबाईल माझ्या पिशवीत टाकला, पाणी प्यायली आणि फाटकातून आत गेली. बाहेर एक बाई आपल्या मुलाला सोडून परत वळल्या होत्या. देवळातून आणलेला साखरफुटाण्याचा प्रसाद त्या तिथल्या सगळ्यांना वाटत होत्या, आपला-परका न बघता. माझ्यापुढे आल्या तेव्हा माझं लक्ष आतल्या जिन्याकडे होतं. मी हात पुढे केला. बाईंनी आपला हात मागे घेतला.

"काका, उजव्या हातात घ्या," त्या म्हणाल्या.

मी हात बदलला, प्रसाद घेतला, कपाळाला लावला. आणि तो तोंडात टाकता टाकता मी आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. मी डावखुरा आहे. लहानपणी आईने आणि मास्तरांनी मिळून माझं लिहिणं आणि जेवणं उजव्या हातावर आणलं, म्हणून बघणाऱ्याला ते कळत नाही. बाकी सगळं मी डाव्याने करतो. छापखान्यात मी माऊस डावीकडे घेतला होता आणि त्याची दोन बटणंही एका सहकाऱ्याकडून उलटी करून घेतली होती. घरच्या संचालाही तेच केलेलं. त्याला इतकी वर्षं झाली की जगात माऊस डावीकडे असतो आणि असाच चालतो, हे मी धरूनच चाललो होतो. तेच मी तिला शिकवलं होतं. आता ती वर एका अनोळखी कॉम्प्युटरपुढे बसली असणार, माऊस उजवीकडे, बटणं सरळ, आणि तिचा उजवा हात पुन्हा लाकडाचा.

मी वॉचमनकडे धावलो. म्हटलं, आत एका मुलीला निरोप द्यायचाय. तो म्हणाला, आता कोणाला सोडता येत नाही, निरोप काय आहे. मी म्हटलं, माऊस उजव्या हाताने धर म्हणावं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सावलीत बसून पाणी प्यायला सांगितलं. उन्हाने डोकं फिरलेले बाप त्याने बरेच पाहिले असावेत. मग मी त्या इमारतीला फेऱ्या घालायला लागलो. काचांत फक्त आभाळ दिसत होतं आणि खाली माझंच टोपी घातलेलं रूप. पिशवीत तिचा मोबाईल सारखा थरथरत होता. एकदा उचलला, पाटकर काकी होत्या. सिलेंडर संपलाय, सायलीला सांग. मी म्हटलं, ती पेपरला बसलीय. हां हां, सुटला की सांग, घाई नाय, म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, मग त्या गॅसचा आला, मग ज्याने माऊस शोधला त्याचा आला. चपलेचा अंगठा तुटला तो मी तसाच ओढत चालत राहिलो.

त्या मुलीला मी काय देऊन आत पाठवलं होतं? तिच्याकडे एकच गोष्ट होती, दाबून बघू म्हणायची हिंमत. ती वर्गातल्या त्या हसण्याने गेली होती. मी थोडी परत आणली, तीही उलट्या हातात. मला वाटत होतं की ती आता म्हणेल, हँग झालाय, आणि उठून येईल. प्रत्येक वेळी जिन्यात कोणी दिसलं की मला तीच वाटायची. मला फार भीती वाटत होती, आणि ती सांगायला तिथे माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.

निकालाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मार्क बरे पडले. मनात होतं ते कॉलेज मिळालं नाही. दुसरं मिळालं, बरंच लांब आहे, ती रोज जाते आणि तिथल्या मुलांबद्दल माझ्याकडे येऊन तक्रारी करते. पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलं लोंढ्याने बाहेर आली आणि मी प्रत्येकीचा चेहरा बघत होतो. सायली सगळ्यांत मागे होती. तिने मला पाहिलं, सरळ माझ्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "मामा, तू डावरा आहेस?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार.

रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथल्या बाकावर बसून तिने सांगितलं. माऊस उजवीकडे होता. तिने तो ओढून डावीकडे घेतला, वायर जेमतेम पुरली. बाण हलत होता, पण नेहमीच्या बोटाने दाबलं की काही होत नव्हतं. सूचनांचं पान पुढे सरकेना. आजूबाजूला टिचक्या सुरू झाल्या. पडद्यावरचं घड्याळ सुरू झालं. तिला वर्गातलं ते हसणं पुन्हा ऐकू आलं, पडद्यावर बोट ठेवावंसं वाटलं, रडू यायला लागलं. मग तिने हात वर केला. देखरेखीच्या मॅडम आल्या. ती हळू बोलली, त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "मॅडम, मला माऊस येत नाही." सगळ्या खोलीने माना वळवल्या. मॅडमनी माऊस उचलून उजवीकडे ठेवला, तिचा हात त्याच्यावर ठेवला, बोट कुठे ते दाखवलं आणि ती पहिलं उत्तर देईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. सुरुवातीला हात फार हळू चालला. शेवटचे काही प्रश्न राहून गेले.

हे सगळं ती रसाच्या फेसात बोट बुडवत सांगत होती, जणू शेजारणीची गोष्ट. मला रडू आलं. उन्हात डोळे चुरचुरतायत असं काहीतरी मी पुटपुटलो, पण तिला ते पटलं नाही.

"रडतोस काय मामा? पेपर माझा होता," ती म्हणाली.

मी नाक पुसलं आणि विचारलं, "एवढ्या सगळ्यांसमोर म्हणालीस, येत नाही म्हणून?"

"मग? येत नव्हतं ना," असं म्हणून तिने उरलेला रस एका दमात संपवला आणि ग्लास बाकावर ठेवला.